भाकरी उलटण्याएवढी जागा

दुपारी उन्हं कलली की या खोलीत जाळी उतरते. खिडकीला आडवे-उभे लोखंडी गज आहेत. त्यांची सावली आधी फरशीवर पडते, मग सरकत सरकत खाटेचा पाय चढते, माझ्या मांडीवरची गोधडी ओलांडते आणि दिवेलागणीच्या थोडं आधी भिंतीवर जाऊन विरून जाते. माघ सरत आला की या उन्हाला वास येतो, तापलेल्या फरशीचा, फिनेलचा आणि खालच्या रस्त्यावरून उठणाऱ्या धुरळ्याचा. गावाकडं याच दिवसांत वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा आंबूस गंध तरंगत असतो आणि कालव्याच्या भरावावर उपसलेला गाळ भेगा टाकत सुकत असतो. इथं नगरात, तिसऱ्या मजल्यावर, कालवा नाही आणि गाळही नाही. जाळी तेवढी आहे. आणि तिच्याचसारखी दुसरी एक जाळी माझ्यासमोर टेबलावर उघडी असते, नातीच्या लॅपटॉपच्या पडद्यावरची, बारीक चौकटींची, जिच्यात एकेक सूर नेऊन कोंडायचा असतो. उन्हाची जाळी त्या जाळीवर चढली की मला पडद्यावरचं काही दिसत नाही, आणि मग मी आपला गजांकडं बघत बसतो.

मी पाटकरी. भंडारदऱ्याहून प्रवरेत सोडलेलं पाणी कालव्यानं आमच्या शिवारात यायचं, ते चाऱ्यांना, म्हणजे शेतांकडं फुटणाऱ्या पाटांना, वाटून द्यायचं माझं काम. दार उघडायचं, दार पाडायचं, भांडणं सोडवायची. शाळा जेमतेम चौथी. पुढं जे काही चार शब्द आले ते बायकोमुळं. ती रोज दिवा लागला की पवित्र शास्त्र मोठ्यानं वाचायची आणि मी चिखलाचे पाय धुऊन ओट्यावर ऐकत बसायचो. म्हणून या लिहिण्यात एखादा जड शब्द आला तर तो तिचा समजावा, रांगडा आला तर माझा.

तिचं नाव मार्था. मी कधी त्या नावानं हाक मारली नाही, ‘अगं’ म्हणायचो. गेल्या फाल्गुनात ती गेली. तिला मातीत ठेवून आलो, आणि महिना उलटायच्या आत मी न्हाणीघरात घसरून खुबा मोडून घेतला. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, आणि मुलानं गावच्या घराला कुलूप लावून मला या फ्लॅटवर आणलं. जिन्यावरून मला चौघांनी उचलून वर चढवलं तेव्हा मी दुखण्याच्या गोळ्यांच्या गुंगीत होतो म्हणून गप्प राहिलो. त्यानंतर खाली उतरायचा विषय निघाला तेव्हा शेजारची माणसं म्हणाली, “आबा, प्लास्टिकच्या खुर्चीत बसा, आम्ही चौघं उचलून नेतो की.” मी त्यांना सांगितलं, “चौघांनी उचलायला मी अजून मेलेलो न्हाई.” ती बिचारी चांगल्या मनानं आलेली, तोंड पाडून गेली. त्यानंतर कुणी विचारलं नाही. तेव्हापासून मी या खोलीत आहे. तीन ऋतू मी खिडकीतून पाहिले. मनमाड रोडनं शिर्डीला जाणाऱ्या गाड्या पाहिल्या, पालखीबरोबर चालणाऱ्या माणसांच्या टोप्या वरून पाहिल्या. माणूस वरून पाहिला की नुसतं डोकं दिसतं, चेहरा दिसत नाही. घरावरून पाखरं जातात तसा मी इथल्या जगावरून गेलोय, फक्त मला कुठं बसता येत नाही.

आता वर्ष भरत आलं. गावच्या चर्चमध्ये तिच्या स्मरणाची उपासना व्हायची आणि मग सगळ्यांनी कबरीवर जायचं, असं पाळकसाहेबांनी ठरवलं. मी जाणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी माझ्यासमोर तो विषय काढत नव्हतं. मला मात्र एकच गोष्ट खात होती. मी न्हाई तर न्हाई, पण तिचं गाणं तरी तिथं जायला पाहिजे.

गाणं म्हणजे संध्याकाळच्या उपासनेचं एक जुनं गीत. ती लहानपणी नगरला मुलींच्या बोर्डिंगात होती, तिथं शिकलेली. घरात चुलीपुढं बसली की तेच म्हणायची. शब्द कमी, गुणगुणणं जास्त. पाऊस असो, पाहुणे असोत, भांडण झालेलं असो, संध्याकाळी काटवटीत पीठ पडलं की ते गाणं सुरू. मी रविवारी चर्चला क्वचित गेलो. कालव्याला पाणी सुटलं की त्याला रविवार कळत नाही. तेव्हा ते गीत मी ऐकलं ते फक्त आमच्या स्वयंपाकघरात, तिच्या तोंडून. तिचा जाडसर, घशात जरा दाबलेला आवाज. चाल तशी फारशी वर जायची नाही, खालीही यायची नाही. एका सुरावर बूड टेकून बसायची, मग जरा उठून शेजारच्या सुरावर बसायची, पुन्हा माघारी. मला वाटायचं, गाणं तिच्यासारखंच आहे, घर सोडून न जाणारं.

आणि तो आवाज कुठंच नाही. मोबाईलमध्ये फोटो सापडले. नातेवाइकांच्या लग्नातल्या व्हिडिओत ती आहे, पण डीजेच्या दणदणाटात नुसते ओठ हलताना दिसतात. माणूस गेल्यावर चेहरा टिकतो, त्याला भिंत असते, खिळा असतो. आवाजाला काही नसतं. पहिले काही महिने तो माझ्या कानात रोज यायचा. दिवाळीनंतर एकदा मी आठवायला गेलो तर पहिली ओळ आली आणि दुसरी येईना. मी घाबरलो. खुबा मोडल्यावर घाबरलो नव्हतो इतका. ती ओळ संध्याकाळी आपसूक परत आली, पण मला कळून चुकलं की हे पाणी झिरपतंय, आणि याला कुठंतरी बांध घातला पाहिजे.

तेव्हा मी नातीला, सलोमीला फोन केला. ती पुण्याला शिकते. तिचा जुना लॅपटॉप आणि हातभर लांबीचा छोटा कीबोर्ड इथंच पडून होता. तिला म्हटलं, “तुझ्या त्या यंत्रात पेटी वाजती का?”

“पेटी काय आबा, अख्खा ऑर्केस्ट्रा आहे त्यात,” ती म्हणाली. “व्हायोलिन, चेलो, बासरी, मोठे ढोल, सगळं. फुकट मिळतं. वाजवायला माणूस तेवढा पाहिजे.”

“माणूस हाय,” मी म्हटलं. “रिकामाच बसलाय.”

ती हसली, आणि मग मला वाटतं रडली असावी, कारण नाक ओढल्याचं ऐकू आलं. पुढच्या रविवारी येऊन तिनं सगळं जोडून दिलं. माझ्या सुनेनं, प्रतिभानं, दवाखान्यातली चिकटपट्टी आणून कीबोर्डच्या पट्ट्यांवर तुकडे डकवले आणि त्यावर सा रे ग म लिहिलं. प्रतिभा नर्स आहे. तिच्या हाताला कुठलंही काम दिलं तरी ती मलमपट्टी केल्यासारखंच करते.

यंत्राची गंमत अशी की त्यात पडद्यावर एकाखाली एक पट्टे असतात, एकेका वाद्याचा एकेक. मला ते पहिल्या दिवशीच ओळखीचे वाटले. कालव्यातून फुटलेल्या चाऱ्याच त्या. प्रत्येकीला तोंडाशी एक दार, ते वर केलं की आवाज वाढतो, पाडलं की कमी होतो. मी उत्साहात सगळीच दारं उघडली. आयुष्यभर दुसऱ्यांना शिव्या घातल्या त्याच चुकीसाठी. व्हायोलिनं, कर्णे, ढोल एकदम फुटून असा काही गढूळ लोंढा आला की प्रतिभा डबा भरता भरता पळत आली. “मामा, खालचे लोक वर येतील!” ती म्हणाली. मी म्हटलं, “येऊ दे. तेवढंच कुणी येईल.”

दुसरा त्रास उशिराचा. लॅपटॉप म्हातारा; पट्टी दाबली की सूर अंमळ मागाहून यायचा. मला त्याचं नवल वाटलं नाही, दार उघडल्यावर शेवटच्या शेतात पाणी लगेच कुठं पोचतं. पण बोटाला धीर नव्हता. बोट पुढं जायचं, सूर मागं राहायचा, आणि दोघांच्या मध्ये मी अडकायचो. एकदा तर काय दाबलं गेलं कोण जाणे, यंत्रानं गाण्याचा पहिला तुकडाच धरून ठेवला. शेवटाला आला की पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा शेवट, पुन्हा आरंभ. मुलगा-सून कामावर, घरात कुणी नव्हतं. ते थांबवायचं कसं मला ठाऊक नव्हतं, आणि काठीशिवाय भिंतीतल्या बटणापर्यंत जाता येत नव्हतं; काठी पडली होती खाटेखाली. ती सबंध दुपार मार्थाच्या गाण्याचं एवढंसं तोंड माझ्याभोवती गोल गोल फिरत राहिलं, जणू चरकाला जुंपलेला बैल, आणि गजांची सावली आपली नेहमीच्या वाटेनं भिंत चढत गेली. संध्याकाळी प्रतिभा आली, तिनं एक बोट लावलं आणि शांतता झाली. ती म्हणाली, “मामा, डोळे का लाल झालेत?” मी म्हटलं, “पडद्यानं.”

तरी मी सोडलं नाही. कालव्याचा एक जुना नियम आहे, पाणी आधी शेवटच्याला द्यावं, मग वर येत यावं. नाहीतर तोंडाशी असलेला सगळं पिऊन टाकतो. मी तसंच केलं. आधी चेलो धरला, जाड, संथ, चुलीतल्या निखाऱ्यासारखा आतून लाल. त्यावर मार्थाचं गाणं ठेवलं व्हायोलिनांवर, एका बोटानं, एकेक सूर शोधत. सूर कानाशी जुळला की अंगावर काटा यायचा. जुळला नाही की ती स्वयंपाकघरातून ‘हं हं’ करून मान हलवतेय असं वाटायचं. मधूनच बासरीचा एक धागा घातला, धुरासाठी. होय, धुरासाठीच, ओलं जळण पेटताना तो जसा सरळ वर न जाता अडखळत, पदर सोडत जातो, तसा. ढोल घातलेच नाहीत. आमच्या घरात ढोल कधी वाजला नाही.

अशी ओळीमागून ओळ त्या जाळीत बसत गेली, आणि पंधरवड्यात गाणं पुरं झालं. मी सलोमीला फोन केला आणि मोबाईल लॅपटॉपपाशी धरला. रविवार होता, प्रतिभा घरी होती, स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. गाणं वाजलं. शेवटचा सूर विरला. 

“कसं हाय?” मी विचारलं.

“वाद्यं फार सुंदर लावलीत आबा. खरंच. पण... मधे मधे ते थांबतं का? दुसऱ्या ओळीत, मग चौथ्या ओळीत. मोजून दोन-दोन मात्रा जास्त आहेत.”

“तिथं थांबायचंच असतं.”

“नाही हो आबा, गाण्यात तिथं काही नाहीये.”

“अगं, तिथं ती भाकरी उलटायची!” मी म्हटलं. “मग ती थांबायची न्हाई तर काय करायची? भाकरी करपवायची?”

पलीकडं ती हसत सुटली. मलाही हसू आलं, पण आत कुठंतरी चरचरलं. इतकी वर्षं ज्याला मी गाणं समजत होतो त्यात तव्याची जागा होती, फुंकणीची होती, आणि मला ती गाण्याहून वेगळी काढता येत नव्हती.

“आणि अजून एक,” सलोमी जपून म्हणाली. “रागावू नका. ही त्या गीताची चाल नाहीये.”

मी रागावलोच. “मला शिकवती? उभा जन्म ऐकलंय मी. तू तवा पाळण्यात बी नव्हती.”

“आबा, पण खरंच...”

“ठेव फोन,” मी म्हटलं आणि मीच ठेवला.  एवढी एक गोष्ट मी वाचवून आणली होती विसरण्याच्या पुरातून, आणि ही म्हणते ती तिची नव्हेच. मग कुणाची होती? मी काय ऐकलं होतं एवढी वर्षं? दाराला टेकून प्रतिभा उभी होती; तिच्या हाताला मेथीची माती होती.

“मामा,” ती म्हणाली, “पुन्हा लावा बरं ते.”

“तुला बी चुका काढायच्यात?”

“लावा तर.”

मी लावलं. पहिले काही सूर तिनं जाऊ दिले, आणि मग ती गाऊ लागली. तेच गीत, तेच शब्द, पण चाल निराळीच. ती वर गेली, व्हायोलिनांच्या कितीतरी वर, तिथून एक वळण घेऊन सावकाश उतरली, आणि जिथं मार्थाचा सूर बूड टेकून बसला होता त्याच्या अगदी जवळ येऊन थांबली. दोन्ही सूर एकमेकांना लागले. खोलीत काहीतरी भरून आल्यासारखं झालं. उन्हाळ्यात कोरड्या चारीला पाणी सोडलं की आधी वास येतो, मग आवाज, तसं. दुसऱ्या ओळीत भाकरीची जागा आली. प्रतिभा गाता गाता थांबली, माझ्याकडं पाहिलं, थांबून राहिली, आणि वाद्यांबरोबर पुन्हा उचलून पुढं गेली.

गाणं संपल्यावर ती खाटेच्या कडेला बसली. “हा आत्यांचा सूर आहे, मामा,” ती म्हणाली; मार्थाला ती आत्याच म्हणायची. “आत्या कॉयरमध्ये कायम दुसरा, चालीला खालून साथ देणारा सूर म्हणायच्या. बोर्डिंगात त्यांना जाड आवाज म्हणून तिकडं उभं केलं, त्या तिथंच राहिल्या. चाल असते ती पहिल्या सुराची. लग्न होऊन आले तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी राहायचे आणि दर वेळी चुकून त्यांच्या सुरात घसरायचे. मग त्या कोपर मारायच्या. म्हणायच्या, ‘तू तुझ्या जागी राहा गं, मी हाय इथं खाली.’”

 गजांची सावली तोवर लॅपटॉपवर चढली होती.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. म्हणजे चुलीपुढं ती एकटी बसून अर्धंच गात होती. उरलेलं अर्धं तिच्या मनात वाजत असलं पाहिजे, त्याशिवाय आपला सूर धरायचा कसा? त्या धुरकट खोलीत रोज संध्याकाळी एक मोठा, उंच आवाज होता आणि तो मला कधी ऐकू आला नाही. मी पाटावर बसून जेवत होतो आणि वरची सबंध जागा रिकामी होती. तिला तिथं बोर्डिंगातल्या मैत्रिणी ऐकू येत असतील का? की कुणीतरी यावं आणि वरचा सूर धरावा म्हणून ती वाट बघत असेल? विचारायला आता माणूस नाही. आणि हेही खरं की मला तिनं विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, गाणं-बिणं मला येत न्हाई, वाढ. ती मला ओळखून होती.

सलोमीचा दुसऱ्या दिवशी फोन आला. ती म्हणाली, वरचा सूर ती घालून देते. एक नवा पट्टा, त्यावर बासऱ्या, नाहीतर कर्णे, तुम्ही म्हणाल ते. मी नको म्हटलं. ज्या जागेवर तिनं कधी कुणाला बसवलं नाही तिथं मी यंत्र बसवू? प्रतिभालाही ते पटलं. “असंच न्यायचं, मामा,” ती म्हणाली. “वरचं सगळी मंडळी म्हणतील. खाली आत्यांचा सूर राहील. असंच तर असायचं.”

“आणि भाकरीला थांबतील का मंडळी?”

“कशी थांबतील? त्यांना काय ठाऊक? ती पुढं निघून जातील आणि हे मागं राहील.” तिनं गोधडी उचलली. “सलोमीला सांगून ती जागा काढून टाकू? मिनिटभराचं काम आहे.”

“हात लावू नको,” मी म्हटलं.

“मग तिथं समोर उभं राहून कुणीतरी हात वर करायला पाहिजे. थांबा म्हणून. आणि मग खाली करायला पाहिजे, चला म्हणून.” ती हे माझ्याकडं न बघता बोलली, गोधडीची घडी घालता घालता. “ज्याला ती जागा ठाऊक आहे असं कुणीतरी.”

कालव्यावर लांबच्या दाराला असाच इशारा द्यायचो मी. भरावावर उभं राहून हात वर. पलीकडचा माणूस दार धरून थांबायचा. हात खाली, की पाणी सुटायचं. आवाज पोचत नसे एवढ्या लांबून.

खिडकीबाहेर शिर्डीची एक गाडी हॉर्न देत गेली. भिंतीवरच्या जाळीचा आता खालचा भाग पुसला जात होता आणि वरच्या दोन-तीन चौकटी तेवढ्या उरल्या होत्या, पिवळ्या, मऊ, उलटायला आलेल्या भाकरीसारख्या. दार उघडं होतं; दारातून जिन्याची पहिली पायरी दिसते, पुढच्या दिसत नाहीत. मी त्या पायरीकडं बराच वेळ पाहत राहिलो. वाद्यं बंद होती, तरी खालचा सूर चालूच होता, आणि त्याच्या वर कुणी नव्हतं.

“प्रतिभा,” मी हाक मारली, “शेजाऱ्यांची ती प्लास्टिकची खुर्ची हातांची हाय का बिनहातांची?”

ती स्वयंपाकघरात होती.  तिकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.